सहा गुंठे गवत

शनिवारी सकाळी आठ वाजता आमच्या गल्लीत एक घरघर सुरू होते. आठ म्हणजे आठ. आमच्या गावच्या नियमाप्रमाणे त्याआधी यंत्राचा आवाज करता येत नाही. त्यामुळे उजवीकडचे आमचे शेजारी पावणेआठपासून मशीनच्या दांड्याला हात लावून, घड्याळावर नजर ठेवून, शर्यतीला उभं राहावं तसे उभे असतात. त्यांची घरघर सुरू झाली की दोन घरं सोडून दुसरी सुरू होते, मग समोरची, मग कोपऱ्यावरची. रात्री गावात एक कुत्रं भुंकलं की वेशीपर्यंतची सगळी कुत्री त्याला साथ देतात, तसला प्रकार. सव्वाआठला न्यू जर्सीतल्या या शांत, सुशिक्षित वस्तीत पिठाच्या दहा गिरण्या एकदम चालू झाल्यासारखं वाटतं.

मी पांघरुणात असतो. बायको खिडकीचा पडदा दोन बोटं सरकवून बाहेर बघते आणि एवढंच म्हणते,

"त्यांनी सुरुवात केली."

या तीन शब्दांत काय काय भरलेलं असतं, ते संसारी वाचकाला सांगायला नको. त्यांचं होत आलं, समोरच्यांचंही होईल, आपलं पोटरीला लागतंय, परवा भिशीला बायका येणार आहेत आणि माझ्या वडिलांनी तुझ्यात नक्की काय पाहिलं, हे सगळं त्यात येतं.

या भानगडीची सुरुवात घर घेतलं तेव्हा झाली. एजंट बाईंनी हात पसरून "पाव एकर!" असं सांगितलं, तेव्हा मला पाटीलकी मिळाल्यासारखं वाटलं. त्याच रात्री मी गावाकडे आप्पांना फोन लावला.

"आप्पा, दहा गुंठे जागा घेतली. घर, गॅरेज, गाडीची वाट सोडली तर सहा गुंठे मोकळे राहतात."

"झ्याक. काय पेरलंयस?"

"गवत."

बराच वेळ पलीकडून आवाज नाही. लाइन कटली असं वाटून मी दोनदा हॅलो म्हटलं.

"म्हशी किती?" आप्पांनी विचारलं.

"म्हशी नाहीत, आप्पा."

"मग खातं कोण?"

या प्रश्नाचं उत्तर मला आजतागायत सापडलेलं नाही.

आमची वाळवा तालुक्यात शेती. उसाच्या पाल्यानं हात कापून घ्यायचे नाहीत, म्हणून मी अभ्यास केला, इंजिनिअर झालो आणि शेत दिसणारसुद्धा नाही एवढ्या लांब, साता समुद्रापार आलो. आता इथं मी जमिनीला खत घालतो, पाणी पाजतो, तण काढतो, कीड बघतो, कापणी करतो आणि आलेलं पीक कागदी पिशव्यांत भरून रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवतो. नगरपालिकेची गाडी ते घेऊन जाते. हमीभाव शून्य. गावाकडची शेती तोट्यात जाते म्हणून लोक रडतात, पण तिथं निदान ऊस कारखान्याला जातो तरी. माझी शेती तोट्यात जाण्यासाठीच केलेली आहे.

त्यात हे पीक मोठं मानी. आमच्या लॉनमध्ये केंटकी ब्लूग्रास नावाचं गवत आहे. ते निळं नसतं आणि मूळचं केंटकीचंही नाही, युरोपातून आलेलं. म्हणजे माझ्यासारखंच बाहेरचं, फक्त त्याला व्हिसाची कटकट झाली नाही. एप्रिल-मे महिन्यांत ते असं वाढतं की सकाळी कापलेलं संध्याकाळी पुन्हा आपल्याकडे मान वर करून बघतंय असं वाटतं. बरं, वाढलं म्हणून एकदाच तासून मोकळं व्हावं, तर तेही नाही. पात्याच्या एक तृतीयांशाहून जास्त उंची एका वेळी कापायची नाही, असा जाणकारांचा दंडक आहे. जास्त कापलं की ते रुसतं, पिवळं पडतं. एखाद्या जावयाला मी एवढं जपलं नसतं. आणि इतकं करून ते वाढावं म्हणून आम्ही खत घालतो आणि वाढलं की "वाढलं बाई!" म्हणून कपाळाला हात लावतो. सुदैवानं न्यू जर्सीत कायद्यानंच १५ नोव्हेंबर ते १ मार्च घरच्या लॉनला खत घालता येत नाही. गवताला सरकारमान्य उपवास घडवणारं एखादंच सरकार असेल. त्या साडेतीन महिन्यांत मी माणसात असतो.

उपवास सुटला की मशीन सुरू करायची वेळ येते. मशीनला एक दोरी असते. ती ओढायची. पुस्तिकेतल्या चित्रात एक हसरा माणूस ती एका हातानं ओढतो. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मी ती एका हातानं ओढली, दोन्ही हातांनी ओढली, मशीनवर पाय देऊन ओढली, डोळे मिटून कुलदैवताचं नाव घेऊन ओढली. मशीन दर वेळी फुर्र्र असा आवाज करून गप्प बसत होतं. आमच्या वर्गात मागच्या बाकावर एक मुलगा होता. मास्तरांनी कान पिळला की तो एवढाच आवाज काढायचा.

तिसाव्या ओढीला माझ्या लक्षात आलं की शेजारी हातात कॉफीचा मग घेऊन हद्दीवर उभे आहेत. आमच्यात कुंपण नाही, पण हद्द कुठं आहे ते आंधळ्यालाही कळेल. त्यांच्या बाजूला गालिचा संपतो आणि आमच्या बाजूला अभयारण्य सुरू होतं. हे गृहस्थ निवृत्त आहेत. त्यांच्या लॉनवर फिकट-गडद असे सरळ पट्टे असतात, क्रिकेटच्या मैदानावर दिसतात तसे. गवत एकदा या बाजूला आणि एकदा त्या बाजूला वाकवलं की उजेडात असे पट्टे दिसतात. मी त्यांना मनात गवतमहर्षी म्हणतो.

"पेट्रोल जुनं आहे का?" महर्षींनी विचारलं.

"नाही, नाही. मागच्याच ऑक्टोबरातलं."

त्यांनी माझ्याकडे, शिळी आमटी पाहुण्याला वाढणाऱ्या गृहिणीकडे बघावं तसं बघितलं. इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि हिवाळाभर टाकीत पडून राहिलं की कार्बोरेटरमध्ये चिकटा धरतो. वाळव्याच्या आसपासचे कारखाने मळीपासून इथेनॉल काढतात, हे मला ठाऊक होतं. उसापासून पळालो तरी ऊस सोडत नाही. अमेरिकेतलं इथेनॉल बहुतेक मक्याचं असतं म्हणा, पण हा तपशील त्या क्षणी माझं सांत्वन करू शकला नाही.

हे यंत्र ज्यानं काढलं, त्या गृहस्थाचं नाव एडविन बडिंग. इंग्लंडमधल्या स्ट्राउडचा. लोकरीच्या कापडावरची लव छाटणारं यंत्र त्यानं गिरणीत पाहिलं आणि त्याच्या मनात आलं की कापडाची हजामत होते तर गवताची का होऊ नये? १८३० साली त्यानं पेटंट घेतलं. त्याआधी बड्या लोकांच्या हिरवळी एकतर गडी लांब दांड्याच्या कोयत्यांनी कापायचे, नाहीतर मेंढ्या चरून सपाट करायच्या. मेंढीला दोरी ओढून सुरू करावं लागत नाही. असं म्हणतात की लोक वेडा ठरवतील या भीतीनं बडिंग आपलं यंत्र रात्री चालवून बघायचा. लोकांनी वेळीच तसं ठरवलं असतं, तर माझे किती शनिवार वाचले असते!

मी नवं पेट्रोल आणायला निघालो. न्यू जर्सीत स्वतःच्या हातानं पेट्रोल भरायला कायद्यानं बंदी आहे, पंपावरचा माणूसच भरतो. आमच्या पंपावर एक सरदारजी असतात. मी लाल डबा जमिनीवर ठेवला. त्यांनी डब्याकडे बघितलं, माझ्या सोललेल्या तळहाताकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "घास?" मी मान हलवली. डबा भरेपर्यंत मग आम्ही दोघंही काही बोललो नाही. एखाद्याच्या घरी दुःख झाल्यावर बसायला जातात, तशी ती शांतता होती.

नव्या पेट्रोलनंही मशीन जागं झालं नाही. असे दोन शनिवार गेले आणि ज्या दिवशी मी आई-आप्पांना आणायला नेवार्कच्या विमानतळावर गेलो, त्याच दिवशी आमच्या दाराला नगरपालिकेची चिठ्ठी लागली. आप्पांनी बॅग खाली ठेवायच्या आधी ती चिठ्ठी हातात घेतली.

"कसला कागद रं?"

"गवत दहा इंचांच्या वर गेलंय, आप्पा. दहा दिवसांत कापलं नाही तर दंड."

आप्पांनी चिठ्ठी उलटसुलट केली. "पीक चांगलं आलं म्हणून दंड?"

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला, विमानाचा शीण न जुमानता, आप्पा गॅरेजमध्ये मशीन उलटं करून बसले होते. लुनाचा कार्बोरेटर साफ करण्यात त्यांची निम्मी हयात गेलेली. त्यांनी सुनेकडून जुना टूथब्रश आणि एक सेफ्टी पिन मागून घेतली, एका एवढ्याशा भोकातून काहीतरी टोकरून काढलं, फुंकर मारली आणि दोरी एकदाच ओढली. मशीन लहान मुलासारखं रडत उठलं. वाजले होते साडेपाच! समोरच्या घरात दिवा लागला. नंतर महर्षींच्या घरात लागला. आठच्या आत आवाज करण्याचा आमच्या गल्लीतला तो बहुधा पहिला गुन्हा, आणि तो करणारा माणूस देशात येऊन बारा तासही झाले नव्हते.

मशीन चालवायचंही मग त्यांनी आपल्याकडेच घेतलं. मशीन स्वतःच्या ताकदीनं पुढं जाणारं होतं, पण आप्पांना ते पटत नव्हतं. ते त्याच्याशी बोलत. "हां, चल. सरळ. सरळ म्हणतो न्हवं? आता वळ. हां, वळ, शाबास!" तासाच्या शेवटी जीभ टाळ्याला लावून टक् टक् असा आवाज काढत. बैलांना मिळाली नसतील एवढी शाबासकी त्या मशीनला मिळाली. नांगरटीसारखं कडेनं आत आत येत त्यांनी असं काही कापलं की महर्षी मुद्दाम बघायला आले आणि हा नमुना कुठल्या पुस्तकातला, असं विचारून गेले.

कापणी संपल्यावर पाच पिशव्या भरल्या. मी त्या रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवल्या.

"ह्या तिकडं कशाला?"

"गाडी येते न्यायला."

"कुणाच्या गोठ्यावर जाती गाडी?"

"गोठ्यावर नाही. हे टाकून देतात, आप्पा."

आप्पा पायरीवर बसले. दुष्काळात आमच्याकडे वैरणीच्या एकेका पेंढीसाठी माणसं भांडलेली त्यांनी पाहिली आहेत. त्यांची समजूत घालावी म्हणून मी म्हटलं, "आप्पा, आपलं एकट्याचं काय घेऊन बसलात? २००५ साली इथल्या संशोधकांनी उपग्रहाच्या चित्रांवरून अंदाज काढला होता. या देशात असली हिरवळ सुमारे १ लाख ६३ हजार चौरस किलोमीटर आहे. अख्खा महाराष्ट्र ३ लाख ७ हजार. म्हणजे अर्ध्या महाराष्ट्राहून जास्त."

ही समजूत नव्हती, हे मला बोलून झाल्यावर कळलं. आप्पांच्या डोळ्यांसमोर सांगलीपासून पार विदर्भापर्यंत नुसती हिरवीगार वैरण उभी राहिली आणि तिच्यात एकही म्हैस नाही! बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं,

"भिलवडीच्या चितळ्यांच्या कानावर घातलंस का हे?"

मशीन झाल्यावर आप्पांनी तणाकडे मोर्चा वळवला. खुरपं त्यांनी गावाहूनच आणलं होतं, सामानात धोतरात गुंडाळून. सकाळी चहा झाला की ते पुढच्या लॉनमध्ये उकिडवे बसायचे आणि खुरपत खुरपत पुढं सरकायचे. तिसऱ्या दिवशी मी खिडकीतून बघतो तो आप्पांच्या शेजारी महर्षी गुडघ्यांवर! दोघं शेजारी शेजारी, माना खाली, बोटांनी गवत बाजूला करत चाललेले. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. मला भरून आलं. माणुसकीला भाषा लागत नाही, वगैरे मी बायकोला सांगितलंसुद्धा. अर्ध्या तासानं महर्षी घामाघूम होऊन दारात आले.

"मिळालं का त्यांना?"

"काय?"

"जे हरवलंय ते. मी फुटपाथपर्यंत सगळं बघितलं."

त्या दिवसापासून महर्षी माझ्याशी जरा सांभाळूनच बोलायला लागले.

आईचा मार्ग वेगळा होता. एका रविवारी जेवायला ताटात मुगाची डाळ घातलेली, लसणाची फोडणी दिलेली, किंचित आंबूस अशी पालेभाजी आली. मी दोनदा घेतली. मुलानं एकदा घेतली, म्हणजे भाजी फारच चांगली होती.

"घोळ आहे ना ही? ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानात मिळाली?"

"रोड कशाला? दाराम्होरं ढिगानं आलीय की."

माझा घास हातातच राहिला. दोन वर्षं ज्या तणावर मी बाटलीनं औषध फवारत होतो, ज्याची पाळंमुळं खणायची मी शपथ घेतली होती, त्या तणाला अमेरिकेत पर्सलेन म्हणतात आणि आमच्या घरी घोळ म्हणतात, हे मला त्या क्षणी समजलं. फवारणी होऊन पुरते पंधरा दिवसही झाले नव्हते. बायकोनं मुलाच्या तोंडापुढं हात धरला. "थुंक!" मी गॅरेजमध्ये धावलो, बाटली आणली, चष्मा लावला आणि विषबाधा झाल्यास कुठं फोन करायचा ते शोधायला लागलो. बाटलीवर फोन नंबर नव्हता. टोमॅटोचं चित्र होतं. त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की हे टोमॅटोचं द्रवरूप खत असून नियमित वापरल्यास पानं रसरशीत होतात.

"तरीच म्हणलं," आई वाढता वाढता म्हणाली, "गावाकडं एवढी कवळी मिळत न्हाई."

जुलैमध्ये आमच्या गुलाबाच्या पानांची जाळी झाली. पानांवर तांब्याच्या रंगाचे, हिरव्या डोक्याचे भुंगे बसलेले. हा जपानी भुंगा. अमेरिकेत तो पहिल्यांदा सापडला १९१६ साली, आणि तोही आमच्या न्यू जर्सीत, रिव्हरटन गावाजवळ. पाव्हणा आधी आमच्या राज्यात उतरला आणि मग देशभर गेला. आप्पांनी एक भुंगा चिमटीत धरला, उलटा केला आणि निकाल दिला, "हुमणी."

उसाच्या पट्ट्यात हुमणी म्हटलं की पोटात गोळा येतो. भुंगेरे जमिनीत अंडी घालतात, अळ्या मुळं खातात आणि उभं पीक उपटून हातात येतं. त्यावरचा उपाय आप्पांना पाठ होता. वळीव पडला की रात्री बाभळी-कडुनिंबाजवळ दिवा लावायचा, खाली घमेल्यात रॉकेल मिसळलेलं पाणी ठेवायचं. भुंगेरे दिव्यावर येतात आणि पाण्यात पडतात. आमच्याकडे बाभूळ नव्हती, मेपल होतं. रॉकेल नव्हतं, भांडी घासायचा साबण होता. रात्री नऊला मेपलच्या फांदीला शंभरचा बल्ब टांगला, खाली मुलाच्या लहानपणचा आंघोळीचा टब ठेवला आणि आम्ही तीन पिढ्या टबाभोवती खुर्च्या टाकून बसलो.

साडेदहापर्यंत भुंगेरे आले शून्य. शेजारी आले चार. एकानं विचारलं, पार्टी आहे का. एका बाईंनी काही मदत हवी का म्हणून विचारलं. तिसऱ्याला हा आमचा काहीतरी धार्मिक विधी वाटला असावा, कारण त्यानं टोपी काढली आणि टबाकडे बघत दोन मिनिटं उभा राहिला. चौथे महर्षी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की हे भुंगे दिवसा उडतात. सकाळी लवकर, थंडाव्यानं ते सुस्त असताना, हातानं वेचायचे आणि साबणाच्या पाण्यात टाकायचे.

"म्हणजे पाणी बरोबर हुतं," आप्पा बल्ब काढता काढता म्हणाले. "आपली भुंगेरी रातपाळीची, ह्यांची दिवसपाळीची. एवढाच फरक."

ऑगस्टमध्ये आप्पांचं लक्ष गाडीच्या वाटेच्या कडेला गेलं. तिथं एक बारीक पात्यांचं, जमिनीसरपट पळणारं गवत काँक्रीटच्या भेगांतून डोकं काढत होतं. मी त्याला दोन वर्षं टोमॅटोचं खत पाजलं होतं, हे आता वेगळं सांगायला नको. आप्पांनी एक काडी उपटली आणि त्यांचा चेहरा असा झाला की जणू भावकीतला माणूस कोर्टाचा कागद घेऊन थेट अमेरिकेत येऊन ठेपला.

"आरं, ही हरळी! हिच्यापायी तुझ्या आज्ज्याची कंबर गेली. हिनं हितंबी पाठ सोडली न्हाई व्हय?"

पुढचे तीन दिवस आप्पांनी हरळीशी युद्ध केलं. गाठ राहिली तर पुन्हा फुटते, म्हणून त्यांनी हातभर खणून एकेक कांडी वेचली, मुळ्या मोजल्यासारख्या पिशवीत भरल्या आणि पिशवीच्या तोंडाला दोन गाठी मारल्या. गाडी पिशवी घेऊन गेली तेव्हा ते फुटपाथवर उभे राहून ती वळेपर्यंत बघत होते. नातू म्हणाला, "आजोबा, बाय करा." आप्पांनी केलं नाही.

सप्टेंबरात गणपती आले. आदल्या संध्याकाळी मूर्ती, मखर, मोदकाचं पीठ, सगळं जागच्या जागी होतं. आईनं तबक मांडता मांडता विचारलं, "दुर्वा?"

मी ओक ट्री रोडवर चार दुकानं फिरून आलो. दुर्वा सकाळीच संपल्या होत्या. आई म्हणाली, "दुकान कशाला पाहिजे? दारात हरळी आहे की. हरळी आन् दुर्वा काय येगळी असती?"

खोलीत शांतता पसरली. आप्पा पंख्याकडे बघायला लागले.

"समदी काढली?" आईनं विचारलं.

"मुळासकट."

"येक काडीबी न्हाई?"

"मी काम अर्धं सोडत न्हाई, ठावं हाय तुला."

"पन्नास वर्सं सांगतीय, कोळप्याचा दांडा मोडलाय, तो तेवढा नीट करा. त्यो अजून तसाच हाय," आई म्हणाली आणि तबक झाकून आत गेली.

आमच्याभोवती सहा गुंठे गवत, गल्लीत मिळून चार-पाच एकर गवत, देशात अर्ध्या महाराष्ट्राएवढं गवत, आणि गणपतीला एकवीस काड्या नाहीत! दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला आई, आप्पा आणि मी टॉर्च घेऊन निघालो. आप्पांची नजर शेतकऱ्याची. महर्षींच्या मागच्या अंगणात अवजारांची एक खोपी आहे. तिच्या पलीकडे, रस्त्यावरून कुणालाही दिसणार नाही अशा बेचक्यात, आप्पांनी टॉर्च मारला आणि पुटपुटले, "ह्येच्या मायला!"

हरळी. हिरवीगार, गुबगुबीत, दाट, अंथरुणासारखी पसरलेली. ज्या लॉनवर एक वाकडी काडी नाही म्हणून गल्ली ज्यांना मानते, त्या महर्षींच्या घरामागं एवढं मोठं पाप लपलेलं! आई खाली बसली आणि तीन पानांचे कोंब खुडायला लागली. मी पहारा करत होतो. बारा झाले, तेरा झाले आणि मागचं दार उघडलं. नाइट गाऊनमध्ये, हातात कॉफीचा मग घेतलेले महर्षी आमच्याकडे बघत उभे राहिले.

मला वाटलं आता पोलीस. पण महर्षींचे कान लाल झाले होते. ते आमच्याकडे बघतच नव्हते, हरळीकडे बघत होते.

"सहा वर्षं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "सगळं करून बघितलं. खणलं, औषध मारलं, वर प्लास्टिक घातलं. प्लीज, गल्लीत कुणाला सांगू नका."

"काय म्हणतोय?" आईनं विचारलं.

"म्हणतात, लागेल तेवढ्या घ्या."

"देवमाणूस," आई म्हणाली आणि तिनं त्यांना हात जोडले. महर्षींनी मग सांभाळत उलटा नमस्कार केला.

दुपारी ते आरतीला आले. मोदक त्यांनी काट्यानं फोडून खाल्ला, सारण निम्मं शर्टवर घेतलं. पण त्यांचं लक्ष मूर्तीकडे होतं. ज्या गवतानं सहा वर्षं त्यांची झोप उडवली होती, ते गणपतीच्या मस्तकावर ठेवलेलं, आणि समोर आठ-दहा माणसं हात जोडून उभी.

"हे रोज नवीन लागतं?" त्यांनी मला कानात विचारलं.

"रोज. एकवीस."

"किती दिवस?"

"पाच."

त्यांनी मनात हिशेब केला आणि त्यांचा चेहरा उजळला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतःच एकवीस काड्यांची जुडी, रबर लावून, दारात घेऊन आले. तिसऱ्या दिवशी आणली ती मोजून, तीन पानांचीच, धुऊन. आईनं त्यांना शिकवलं होतं. चौथ्या दिवशी म्हणाले, जरा जपून वापरा, कडेची संपत आली. पाचव्या दिवशी जुडी देताना त्यांनी पुढच्या वर्षीच्या गणपतीची तारीख विचारून वहीत लिहून घेतली.

महिनाअखेर आई-आप्पा गावी गेले. पुढच्या शनिवारी आठच्या ठोक्याला घरघर सुरू झाली. मी पांघरुणात. बायको पडद्याशी.

"त्यांनी सुरुवात केली."

मी कूस बदलली. थोड्या वेळानं ती म्हणाली, "त्यांनी थांबवलं."

हे आजवर कधी घडलं नव्हतं. मी उठून बघितलं. महर्षी मशीन बंद करून खोपीपाशी उभे होते. लॉनवर औषध मारल्यावर 'इथं पाय देऊ नका' म्हणून रोवतात, तसल्या चार छोट्या झेंड्या त्यांनी हरळीच्या चारी कोपऱ्यांना रोवल्या होत्या. मग त्यांनी मशीन पुन्हा सुरू केलं आणि झेंड्यांना लांबून वळसा घालून ते पुढं गेले.

मी लगेच आप्पांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडं बराच वेळ शांतता. लाइन कटली वाटून मी हॅलो हॅलो केलं. मागं ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"हितं ट्रॅक्टर लावून हरळी काढतुया," आप्पा म्हणाले, "आन् त्यो तिला झेंडं लावतुया. त्याला म्हणावं, पत्ता दे. कंटेनर भरून पाठवतो."